रूट कॅनलला वेगळा स्पेशालिस्ट कशाला? आणि तो असं काय वेगळं शिकून येतो?

दात दुखतो, आपण नेहमीच्या डेंटिस्टकडे जातो, ते एक्स-रे काढतात, जरा वेळ त्याच्याकडे बघत बसतात आणि म्हणतात, "ह्या दाताचं रूट कॅनल मी नाही करणार, तुम्ही एंडोडोन्टिस्टला दाखवा." बाहेर पडताना डोक्यात पहिला प्रश्न येतो की यांना येत नाही का. दुसरा, म्हणजे माझं काहीतरी भलतंच वाढलंय का. आणि तिसरा, जो बरेच जण बोलून दाखवत नाहीत, की हे एकमेकांकडे पेशंट पाठवून पैसे काढायचं काम तर नाही ना.

प्रश्न तिन्ही साहजिक आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकते, ज्या डेंटिस्टने एक्स-रे बघून वेळेत "हा दात माझ्याकडे नको" असं सांगितलं त्याने तुमचं भलं केलंय. असं का म्हणतेय ते समजायला दाताच्या आत थोडं शिरावं लागेल.

दाताच्या आत असतं काय

दात बाहेरून कडक असला तरी मधोमध पोकळ असतो आणि त्या पोकळीत मऊ, जिवंत भाग असतो, त्यात नस असते, रक्तवाहिन्या असतात. ह्याला पल्प म्हणतात. ही पोकळी खाली मुळांमध्ये बारीक नळ्या होऊन उतरते, त्या नळ्या म्हणजे कॅनल. कीड खोलवर गेली की बॅक्टेरिया पल्पपर्यंत पोचतात, पल्प सुजतो, पण चारी बाजूंनी कडक भिंती, सुजायला जागाच नाही, म्हणून मग तो रात्रीची झोप उडवणारा ठणका. पुढे कधीतरी पल्प मरतो आणि दुखणं एकदम थांबतं. लोकांना वाटतं बरं झालं. हे फार फसवं आहे, कारण इन्फेक्शन आत तसंच असतं आणि मुळाच्या टोकातून हळूहळू जबड्याच्या हाडात उतरत असतं.

रूट कॅनल म्हणजे नळीतला खराब झालेला पल्प आणि बॅक्टेरिया काढायचे, नळी औषधाने धुवायची आणि मग टोकापासून वरपर्यंत भरून बंद करायची. ह्या सगळ्या शास्त्राला एंडोडोन्टिक्स म्हणतात आणि त्यात स्पेशालिस्ट झालेल्याला एंडोडोन्टिस्ट. एवढंच ऐकलं तर वाटतं यात काय मोठं आहे.

अडचण ही आहे की डॉक्टरला ती नळी दिसत नाही. वरून फक्त तिचं तोंड दिसतं, पुढचं सगळं काम बोटांच्या अंदाजाने. पायजम्यात नाडी ओवलीये कधी? पिन नेफ्यात घातली की ती कुठे आहे, कुठे अडकलीये हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं, आणि अडकली म्हणून जोर लावला की कापड गोळा होतं नाहीतर पिन आतच उघडून बसते, मग ना पुढे ना मागे. रूट कॅनलमध्ये हा नेफा साधारण वीसेक मिलिमीटर लांब, टोकाशी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद, बऱ्याचदा शेवटी वळलेला, आणि तो जिवंत माणसाच्या तोंडात मागच्या बाजूला असतो जिथे जीभ आहे, लाळ आहे, आणि तोंड उघडं ठेवून ठेवून पेशंट दमलेला आहे. आत जाणाऱ्या बारीक सुईसारख्या हत्याराला फाईल म्हणतात. त्यातल्या १० नंबरच्या फाईलचं टोक ०.१० मिलिमीटरचं असतं. अवघड दाढेत सुरुवात अशाच बारीक फाईलने होते, ती दोन बोटांत हलकी धरून, किंचित इकडे किंचित तिकडे फिरवत.

ही वेगळी शाखा झालीच कशाला

ह्यामागे एक मोठा वाद आहे आणि तो माहीत असावा, कारण त्याचे पडसाद अजून व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये ऐकू येतात.

१९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एक भाषण दिलं आणि तोंडातल्या, दातांखाली दडलेल्या इन्फेक्शनमुळे शरीरभर आजार होतात असं ठणकावून सांगितलं. तेव्हाच्या गचाळ दंतचिकित्सेवर त्याचा राग होता आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या विचाराने पुढे असं काही वळण घेतलं की पुढची कितीतरी वर्षं सांधे दुखले, थकवा आला, कसलाही न कळणारा आजार झाला की दात काढा असं चालू झालं. चांगले, वाचवता येण्यासारखे असंख्य दात गेले. नीट पुरावे तपासले गेले तसा तो सिद्धांत मागे पडला.

दात वाचवता येतो असं मानणाऱ्या डेंटिस्टनी १९४३ मध्ये अमेरिकेत आपली संघटना काढली, अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोन्टिस्ट्स. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६३ मध्ये तिथल्या डेंटल असोसिएशनने एंडोडोन्टिक्सला स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली.

आणि मग १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनले आणि फिट्झगेराल्ड या तिघांचा एक प्रयोग आला जो माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचा पाया आहे. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून पल्प उघडा ठेवला. साध्या उंदरांमध्ये पल्प सडला, मेला. पण ज्या उंदरांना जन्मापासून पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलं होतं त्यांच्या दातात अन्न अडकून बसलं तरी पल्प जिवंत राहिला आणि भोकावर नवीन कडक थरही तयार झाला. म्हणजे मुळात खेळ बॅक्टेरियाचा आहे. नळी भरली किती छान, एक्स-रेवर पांढरी रेघ किती सुबक दिसते, हे नंतरचं, बॅक्टेरिया किती कमी केले आणि परत आत जाऊ दिले नाहीत हे आधी. स्पेशालिस्टचं ट्रेनिंग पहिल्या दिवसापासून ह्याच गोष्टीभोवती फिरतं.

साध्या डेंटिस्टला हे शिकवत नाहीत का

शिकवतात. रूट कॅनल डेंटिस्टच्या पदवीतच असतं आणि जगात बहुतेक रूट कॅनल जनरल डेंटिस्टच करतात. पण पदवीच्या वर्षांत त्या विद्यार्थ्याला कवळी पण शिकायची असते, हिरड्या पण, लहान मुलांचे दात पण, दात काढणं पण, आणि वर मेडिकलचे अर्धे विषय. त्यामुळे त्याच्या हातून होणारे रूट कॅनल मोजकेच आणि शक्यतो सोपे, बहुतेक समोरचे एका मुळाचे दात आणि थोड्या दाढा.

स्पेशालिस्ट व्हायचं तर पदवीनंतर वेगळं शिक्षण. अमेरिकेत ते किमान २४ महिन्यांचं असतं, ब्रिटनमध्ये पूर्ण वेळ केलं तर साधारण ३ वर्षं, भारतात एमडीएस ३ वर्षांचं, तिथे विषयाचं नाव कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडोन्टिक्स. म्हणजे दोन-तीन वर्षं माणूस रोज सकाळी उठून मुख्यतः हेच करतो.

त्या दोन-तीन वर्षांत होतं काय

सुरुवात तोंडाबाहेर होते, काढून टाकलेल्या दातांवर आणि वळणदार नळ्या कोरलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर. त्यातला एक प्रकार तर बघण्यासारखा आहे. काढलेल्या दाताच्या नळ्यांमध्ये शाई भरतात, दात अ‍ॅसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, अल्कोहोलमध्ये ठेवून पाणी काढतात आणि शेवटी मिथाइल सॅलिसिलेट नावाच्या द्रवात टाकतात. दात हळूहळू पारदर्शक होतो आणि आतलं सगळं जाळं समोर येतं. पुस्तकात दाढेच्या एका मुळात एक किंवा दोन सरळ नळ्या काढलेल्या असतात, इथे दिसतं की नळी मध्येच दुभंगते, परत एकत्र येते, दोन नळ्यांमध्ये आडव्या फटी आहेत, टोकाशी तीन-चार बारीक फाटे फुटलेत. अमेरिकन डॉक्टर फ्रँक व्हर्टुची यांनी अशाच पद्धतीने शेकडो दात पारदर्शक करून १९८४ मध्ये नळ्यांच्या रचनेचे आठ प्रकार मांडले, ते आजही शिकवतात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की एक्स-रेवर दिसणाऱ्या दोन रेघांवर तो माणूस पुन्हा आंधळा विश्वास ठेवत नाही.

मग मायक्रोस्कोप. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्पेशालिस्टच्या शिक्षणात तो सक्तीचा झाला. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं उदाहरण घ्या. तिला तीन मुळं, त्यामुळे तीन नळ्या असतील असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना अजून एक नळी असते, एमबी-टू म्हणतात तिला. तिचं तोंड बऱ्याचदा थेट दिसतच नाही, वर दाताच्याच पदार्थाचा एक ओठ आलेला असतो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पोकळीच्या तळाला दोन नळ्यांना जोडणारी एक बारीक गडद रेघ जाते आणि मध्येच कुठेतरी हरवते. शिकणारा त्या रेघेवरून अल्ट्रासॉनिक म्हणजे अतिशय वेगाने थरथरणाऱ्या टोकाने अगदी थोडं थोडं खरवडत जातो, थांबतो, धुतो, परत बघतो, बारीक फाईलचं टोक टेकवून पाहतो की कुठे धरल्यासारखं होतंय का. खरवडलं कमी तर नळी सापडत नाही, जास्त झालं तर तळाला आरपार भोक पडतं. कुठे थांबायचं हे शेजारी बसलेल्या शिक्षकाकडून, एकेका दातावर शिकावं लागतं, आणि ही एक नळी राहून गेल्यामुळे रूट कॅनल झालेली दाढ काही वर्षांनी पुन्हा दुखायला लागणं हे अगदी नेहमीचं आहे.

पण मला विचाराल तर ट्रेनिंगचा सगळ्यात मोलाचा भाग हाताचा नाही, निदानाचा आहे. दाताचं दुखणं खोटं बोलतं. खालची दाढ खराब आणि पेशंट वरच्या दाढेकडे बोट दाखवतो, हे होतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनस असतो, तो भरला की दात दुखल्यासारखा वाटतो. चेहऱ्याच्या नसेचा ट्रायजेमिनल न्युराल्जिया नावाचा आजार असतो, त्यात वीज चमकल्यासारखी कळ येते आणि लोक एकामागून एक चांगले दात काढून घेतात तरी कळ जात नाही. क्वचित हृदयाचं दुखणंही जबड्यात जाणवतं. म्हणून गार लावून बघणं, ठोकून बघणं, चावून बघायला सांगणं, शेजारच्या आणि समोरच्या बाजूच्या दाताशी तुलना करणं, हे कंटाळवाणं वाटणारं काम इथे पक्कं करून घेतात. ज्या दाताला रूट कॅनल लागतच नव्हतं त्याचं उत्तम रूट कॅनल केलं तर त्याचा काय उपयोग.

बाकीही बरंच असतं. पूर्वी केलेलं फसलेलं रूट कॅनल उघडून परत करणं, आत तुटलेली फाईल काढणं, चुकून पडलेलं भोक एमटीए नावाच्या सिमेंटने बुजवणं, मार लागलेल्या लहान मुलांचे दात ज्यांची मुळं अजून पूर्ण वाढलेलीच नाहीत. आणि आतून जमत नसेल तर हिरडी उघडून मुळाचं टोक बाहेरून साधारण ३ मिलिमीटर कापून तिथे सील करणं.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. शिकताना केलेले पेशंट सहा महिन्यांनी, वर्षाने परत बोलावून एक्स-रे काढतात आणि तो पहिल्या एक्स-रेच्या शेजारी ठेवून शिक्षकासमोर बोलायचं असतं, इन्फेक्शनमुळे हाड झिजून एक्स-रेवर दिसणारा काळा डाग कमी झाला का, नसेल तर का नाही. स्वतःचं फसलेलं काम असं समोर ठेवून त्यावर बोलायची सवय लागणं हे कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोठं आहे.

"पण आता तर मशीनने होतं ना सगळं?"

मशीनने काम सोपं झालं हे खरंय. पूर्वी फाईल स्टीलच्या होत्या, जाड झाल्या की वाकत नसत आणि वळणावर नळी सोडून सरळ भिंतीत घुसत. १९८८ मध्ये निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूपासून फाईल बनवून दाखवली गेली, ही धातू वळणातून लवचिकपणे जाते, आणि पुढे त्या मोटरवर फिरवणंही शक्य झालं. पण मोटर नळी शोधून देत नाही. आणि वळणात फिरून फिरून ही धातू थकते आणि बाहेरून काही न दिसता तुटू शकते, म्हणून कुठली फाईल, किती वेळा, किती खोल, हा निर्णय माणसाचाच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नळी गोल नसते. सूक्ष्म सीटी स्कॅनने मोजून पाहिलंय की फाईल फिरवून झाल्यावरही भिंतीचा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग तिने शिवलेलाच नसतो. तिथले बॅक्टेरिया मारायचे ते धुण्याने, त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. हे पेशींना जाळणारं रसायन आहे, जोराने ढकललं आणि मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर भयंकर वेदना आणि चेहऱ्यावर सूज येऊ शकते. म्हणजे पुरेसं खोल पण पोचवायचं आणि बाहेर पण जाऊ द्यायचं नाही. ही कसरत कुठल्याही मशीनच्या बॉक्सवर लिहिलेली नसते.

"दोन दिवसांचा कोर्स केलेला डॉक्टर चालत नाही का?"

असे कोर्स वाईट नसतात, उलट जो डेंटिस्ट ते करतो त्याला शिकायची हौस आहे हे चांगलंच. नवीन फाईल कशी वापरायची, नवीन सिमेंट कसं मिसळायचं, हे दोन दिवसांत शिकता येतं. पण प्लास्टिकच्या ठोकळ्यावरची वळणदार नळी वेगळी आणि दुखणाऱ्या, घाबरलेल्या माणसाची तोंड जेमतेम उघडणारी दाढ वेगळी. आणि कोर्स संपल्यावर वर्षभराने "त्या पेशंटचा एक्स-रे दाखव बघू" असं म्हणणारं तिथे कोणी नसतं. बरीच वर्षं मन लावून, मायक्रोस्कोप घेऊन, पेशंट परत बोलावून काम करणारे जनरल डेंटिस्ट आहेत आणि त्यातले काही उत्कृष्ट काम करतात, त्यांना कमी लेखायचा इथे अजिबात हेतू नाही. तिथे पोचायचा रस्ता दोन दिवसांचा नाही, एवढंच म्हणणं आहे.

मग प्रत्येक वेळी स्पेशालिस्टकडेच पळायचं का

नाही, गरज नाही. समोरचा दात, सरळ मूळ, एक्स-रेवर नळी स्वच्छ दिसतेय, तोंड नीट उघडतंय, तर चांगला जनरल डेंटिस्ट ते व्यवस्थित करतो. वर ज्या अमेरिकन संघटनेचं नाव आलं तिने डेंटिस्टसाठी एक फॉर्मच बनवलाय, त्यात दाताची अवघडपणाप्रमाणे कमी, मध्यम आणि जास्त अशी तीन गटांत विभागणी होते, म्हणजे हात लावायच्या आधी स्वतःलाच विचारायचं की हा माझ्या आवाक्यातला आहे का. मूळ फार वाकलेलं असेल, वयामुळे किंवा जुन्या माराने नळी कॅल्शियम साचून बंद झाल्यासारखी दिसत असेल, आधी एकदा रूट कॅनल होऊन फसलं असेल, आत काही तुटलेलं असेल, किंवा नेमका कुठला दात दुखतोय हेच कळत नसेल, तर तिथे स्पेशालिस्ट लागतो. आणि शक्यतो पहिल्यांदाच लागतो. अर्धवट उकरून, फाईल अडकेल अशी पायरी नळीच्या भिंतीत पडल्यावर, भोक पडल्यावर पाठवलेला दात वाचवणं तज्ज्ञालाही जड जातं.

फाईल तुटणं मात्र स्पेशालिस्टच्या हातूनही होऊ शकतं. तुकडा आत राहिला म्हणजे दात गेलाच असंही नाही, आधी नळी किती स्वच्छ झाली होती यावर बरंच अवलंबून असतं. पण ते पेशंटला तिथल्या तिथे सांगणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, यात दुसरं मत असूच शकत नाही.

"एवढा खटाटोप कशाला, काढून इम्प्लांटच, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवला तर?"

कधीकधी तेच बरोबर असतं. मूळ उभं चिरलं असेल तर बहुतेक वेळा तो दात वाचत नाही, आणि चांगला एंडोडोन्टिस्ट मायक्रोस्कोपखाली चीर बघून रूट कॅनल न करता तुम्हाला परत पाठवतो, तेही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. पण वाचण्यासारखा दात असेल तर स्वतःचा दात आधी. काढलेला परत बसवता येत नाही, इम्प्लांटचा पर्याय मात्र नंतरही राहतो.

खुर्चीत बसायच्या आधी काय विचाराल

डिग्री विचारायला संकोच वाटत असेल तर कामाबद्दल विचारा. रबर डॅम लावणार का, हा पहिला प्रश्न. ही रबरची पातळ चादर असते, तिच्यातून फक्त तो एक दात बाहेर येतो, लाळ आत जात नाही आणि फाईल किंवा औषध घशात जात नाही. १८६४ पासून ही गोष्ट उपलब्ध आहे, तरी कितीतरी ठिकाणी वापरत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. ह्या दाताला किती नळ्या असू शकतात आणि तुम्हाला किती सापडल्या, हेही विचारा. आधी फसलेला दात असेल तर सीबीसीटी म्हणजे दाताचा थ्रीडी स्कॅन लागेल का. वर कॅप कधी बसवायची, कारण दाढेवर कॅप लांबणीवर टाकल्यामुळे ती फुटते आणि आतलं चांगलं कामही वाया जातं.

आणि वर्षाने एक्स-रेसाठी बोलावतील तेव्हा, दुखत नाहीये म्हणून टाळू नका. हाड भरायला वेळ लागतो, मोठा डाग असेल तर चार वर्षांपर्यंतही लक्ष ठेवावं लागतं, आणि दात बरा होतोय की आतून गुपचूप बिघडतोय हे त्या फोटोशिवाय तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही.